लहान स्थानकाचे मोठे काम

अकलूज हे नीरा नदीच्या काठी वसलेले सोलापूर जिल्ह्यातील एक मोठे गाव. भोवती उसाचे मळे आहेत, गावात मोठी बाजारपेठ आहे आणि एस. टी. स्थानकावर पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसांची वर्दळ असते. परंतु आगगाडीची शिटी मात्र या गावात ऐकू येत नाही. अकलूजला लोहमार्ग नाही. येथील माणसाला आगगाडीने प्रवास करावयाचा झाला, तर आधी मोटारीने कुर्डुवाडी, जेऊर किंवा पंढरपूर गाठावे लागते.

यांपैकी कुर्डुवाडी हे मोठे जंक्शन आहे. मुंबईहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तेथून जातात. पंढरपूर तर साऱ्या महाराष्ट्राचे तीर्थक्षेत्र. या दोन गावांना जोडणारा लोहमार्ग सुमारे बावन्न किलोमीटर लांबीचा आहे. या मार्गावर मोडनिंब, आष्टी यांसारखी काही लहान स्थानके लागतात. लांब पल्ल्याच्या काही गाड्या त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. ज्या गाड्या थांबतात, त्याही घटकाभर विसावा घेत नाहीत.

गाडीच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाला असे स्थानक ओझरते दिसते. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेले गावाचे नाव, लांबट फलाट, झाडाच्या सावलीत बसलेली चार माणसे आणि दोन-तीन खोल्यांची इमारत, एवढेच काय ते दृश्य. गाडी सुटली की सारे मागे पडते. एवढ्याशा ठिकाणी काम ते काय असणार, असे त्याला वाटते. परंतु ज्या गाडीत तो निर्धास्तपणे बसलेला असतो, ती गाडी सुखरूप पुढे जाते, याचे श्रेय पुष्कळ अंशी या लहान स्थानकाकडे जाते. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रथम हा मार्ग कसा जन्माला आला, हे पाहिले पाहिजे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत येऊन पोहोचला. त्या काळी बार्शी ही कापसाची आणि धान्याची नामांकित पेठ होती. परंतु मुख्य लोहमार्ग तिच्यापासून वीस-बावीस मैल दूर राहिला. बार्शीसाठी मुख्य मार्गावर जे स्थानक होते, त्याला ‘बार्शी रोड’ असे नाव देण्यात आले. तेच आजचे कुर्डुवाडी. बार्शीचा कापूस या स्थानकापर्यंत बैलगाड्यांतून यावयाचा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाके रुतत, बैल थकत आणि माल वाटेतच भिजे. बार्शीपर्यंत लोहमार्ग न्यावा, तर साडेपाच फूट रुंदीचा मोठा मार्ग बांधण्याचा खर्च एवढ्याशा अंतरावरील वाहतुकीतून भरून निघेल की नाही, याची शंका होती.

हा प्रश्न एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने हाती घेतला. तो १८८२ साली नोकरीच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला होता आणि रेल्वेच्या कामाची त्याला चांगली माहिती होती. त्याने असा विचार मांडला, की थोड्या वाहतुकीसाठी मोठा मार्ग बांधणे हे जसे उधळेपणाचे आहे, तसेच लहान मार्ग कच्चा बांधणे हेही शहाणपणाचे नाही. मार्ग लहान असावा, परंतु त्याची आखणी मोठ्या मार्गाइतक्याच काळजीने व्हावी. त्याने रुळांमध्ये अडीच फुटांचे अंतर ठेवले. असा अरुंद मार्ग बांधण्यास जमीन कमी लागते, पूल लहान चालतात आणि वळणे अधिक तीव्र ठेवता येतात.

कॅलथ्रॉपची खरी कल्पकता वजनाच्या वाटणीत होती. डोक्यावर पाण्याचा मोठा हंडा घेऊन चिखलातून चालणाऱ्या माणसाचे पाय रुततात. तेच पाणी चार माणसांनी वाटून घेतले, तर कोणाचेच पाय तितके रुतत नाहीत. हेच तत्त्व त्याने आगगाडीला लावले. दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला आस म्हणतात. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, असा त्याने नियम केला. इंग्लंडमधील लीड्स येथील किट्सन कंपनीकडून त्याने जी इंजिने बनवून घेतली, त्यांना ओढणारी आठ आणि मागे आधार देणारी चार अशी बारा चाके होती. भार अशा रीतीने वाटला गेल्यामुळे मीटरला सुमारे पंधरा किलो वजनाचे हलके रूळही पुरेसे झाले. आज रुंद मार्गावर मीटरला साठ किलो वजनाचे रूळ वापरतात, हे लक्षात घेतले म्हणजे ते रूळ किती हलके होते, याची कल्पना येते. नवे डबे आणि इंजिने बोटीवर चढविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले या ठिकाणी रूळ घालून त्यांची परीक्षाही घेण्यात आली.

या कामासाठी स्थापन झालेल्या ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनीची गाडी १८९७ साली बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत धावू लागली. ही योजना इतकी यशस्वी ठरली, की मार्ग पुढे वाढत गेला. १९०६ साली तो पंढरपूरला पोहोचला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. मिरज ते लातूर अशी या मार्गाची एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात १९०४ साली सुरू झालेला अडीच फुटी मार्गही कॅलथ्रॉपनेच बार्शीच्या धर्तीवर आखला. एरवी विलायतेचे पाहून हिंदुस्थानात अनुकरण होई. या बाबतीत मात्र बार्शीचा कित्ता विलायतेने गिरविला.

पंढरपूरपर्यंत गाडी गेल्यामुळे वारकऱ्यांची मोठी सोय झाली. आषाढीच्या सुमारास देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी पायी चालत अकलूजला येते. तेथे रिंगण होते आणि टाळमृदंगाच्या गजरात पालखी पंढरीकडे मार्गस्थ होते. पायी चालणाऱ्यांची ही वाट रेल्वेने बंद केली नाही. परंतु ज्यांचे पाय थकले होते, ज्यांना घरच्या कामामुळे तीन आठवडे चालणे शक्य नव्हते किंवा ज्यांचे गाव फारच दूर होते, त्यांना विठ्ठलाच्या दर्शनाचा एक नवा मार्ग मिळाला. यात्रेच्या दिवसांत या मार्गावर जादा गाड्या सोडाव्या लागत. एरवी शांत असणाऱ्या स्थानकांच्या फलाटांवर पडशा, पताका आणि तुळशीवृंदावने यांची दाटी होई. आजही आषाढी-कार्तिकीला पंढरपूरसाठी विशेष गाड्या सोडतात.

आता मधल्या एखाद्या लहान स्थानकात उतरून पाहू. सर्वांत आधी नजरेत भरते ती नावाची पाटी. महाराष्ट्रात तिच्यावर गावाचे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिलेले असते. तिच्या खाली समुद्रसपाटीपासून त्या जागेची उंची किती मीटर आहे, हेही नोंदलेले आढळते. गावात समुद्र नसताना समुद्राची आठवण कशाला, असे मुलांना वाटते. परंतु आगगाडीला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार सहज घसरते, म्हणून मार्ग आखताना जमिनीचा चढउतार अतिशय बारकाईने मोजावा लागतो आणि ते मोजमाप समुद्रसपाटीपासून करतात. पाटीवरील तो आकडा ही त्या मोजमापाची खूण होय.

पुढे तिकिटाची खिडकी. तिच्याशी निगडित असलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रेल्वेच्या प्रारंभीच्या काळात प्रवाशाला हाताने लिहिलेली पावती देत. त्यात वेळ मोडे आणि हिशेबाला धरबंध राहत नसे. इंग्लंडच्या उत्तरेस मिल्टन नावाच्या एका लहान स्थानकावर टॉमस एडमंडसन हा गृहस्थ स्टेशनमास्तर होता. तो मूळचा लाकडी सामान बनविणारा कारागीर. सुमारे १८३७ च्या काळात त्याने जाड पुठ्ठ्याची लहान लहान तिकिटे तयार केली आणि त्यांवर ओळीने क्रमांक घातले. तिकिटावर तारीख उमटविण्याचे यंत्रही त्याने तयार केले. सकाळी पहिल्या तिकिटाचा क्रमांक ४१२ असेल आणि संध्याकाळी पुढचे शिल्लक तिकीट ४३७ क्रमांकाचे असेल, तर दिवसभरात पंचवीस तिकिटे विकली गेली, हे कोणालाही सांगता येई. हिशेब आपोआप चोख राहू लागला. ही पद्धत पुढे जगभर पसरली. भारतातही पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांनी अशीच पुठ्ठ्याची तिकिटे हातात धरून प्रवास केला. आज संगणकाने छापलेले तिकीट मिळते किंवा ते मोबाइलवर काढता येते. परंतु प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र क्रमांक असावा, हा त्या लहान स्थानकात सुचलेला विचार अजूनही टिकून आहे.

तिकीट देणे हे प्रवाशाला दिसणारे काम. त्याहून महत्त्वाचे असे एक काम स्थानकात चालते आणि ते प्रवाशाला सहसा दिसत नाही. ते म्हणजे गाडीला वाट देण्याचे.

मोठ्या शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर जाण्यासाठी रुळांची एक जोडी आणि येण्यासाठी दुसरी असते. बार्शी लाइटसारखे शाखामार्ग मात्र एकेरी बांधलेले असतात. रुळांची एकच जोडी असते आणि तिच्यावरूनच दोन्ही दिशांच्या गाड्या धावतात. रस्त्यावर समोरून मोटार आली, तर चालक बाजूला वळतो. बैलगाडी दिसली, तर थांबतो. आगगाडीला बाजूला वळता येत नाही. तिला चटकन थांबताही येत नाही. वेगात असलेली जड गाडी ब्रेक लावल्यावर पूर्ण थांबेपर्यंत अर्धा-पाऊण किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक अंतर पुढे जाते. वळणावर, धुक्यात किंवा रात्री समोरची गाडी दृष्टीस पडेल, तेव्हा फार उशीर झालेला असेल. म्हणून एकेरी मार्गावर चालकाच्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पुढची वाट मोकळी आहे, याची खात्री गाडी स्थानकातून सुटण्यापूर्वीच व्हावी लागते.

ही खात्री करण्याची पद्धत मोठी सुबक आहे. संपूर्ण मार्गाचे स्थानकास्थानकांत तुकडे पाडलेले असतात. नियम एकच: दोन स्थानकांमधील एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी. ती तेथून बाहेर पडल्याशिवाय दुसरीला आत प्रवेश नाही, मग ती समोरून येणारी असो वा मागून येणारी. ज्या स्थानकांत मुख्य रुळाला लागून दुसरा रूळ असतो, तेथे एक गाडी बाजूला उभी करून दुसरीला वाट देता येते. एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना भेटू शकतात त्या केवळ अशाच ठिकाणी. त्यामुळे मोठ्या जंक्शनमधून सुटलेली वेगवान गाडीही मधल्या लहान स्थानकाच्या संमतीवाचून एक पाऊल पुढे टाकू शकत नाही.

संमती मागण्यासाठी आणि देण्यासाठी भारतातील एकेरी मार्गांवर दीर्घकाळ एक विशेष यंत्र वापरले गेले. शेजारच्या दोन स्थानकांत अशी दोन यंत्रे असत आणि ती विजेच्या तारेने परस्परांशी जोडलेली असत. यंत्रांत धातूचे गोळे ठेवलेले असत. त्यांवर त्या दोन स्थानकांची खूण कोरलेली असे. या गोळ्याला टोकन म्हणत. गाडी पाठवावयाची असली, म्हणजे पहिला स्टेशनमास्तर घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी शेजारच्या स्टेशनमास्तरास हाक देई आणि वाट मोकळी आहे का, असे विचारी. शेजारचा मास्तर खात्री करून घेई आणि मगच आपल्या यंत्राने संमती देई. ती मिळाल्याखेरीज पहिल्या यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे. आणि एकदा एक गोळा बाहेर पडला, की तो पुन्हा कोणत्या तरी एका यंत्रात परत जाईपर्यंत दोन्हींपैकी एकाही यंत्रातून दुसरा गोळा निघत नसे.

हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून एका मोठ्या कडीला बांधत आणि चालकाच्या हाती देत. चालक त्यावरील खूण वाचून पाही. गोळा हाती असणे, हाच त्याचा पुढे जाण्याचा परवाना. न थांबणाऱ्या गाडीसाठी स्थानकाचा माणूस कडी उंच धरून फलाटावर उभा राही. चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती उचलून घेत आणि मागच्या स्थानकाची कडी खाली टाकीत. पाहणाऱ्यांना तो एक खेळ वाटे. वस्तुतः त्या क्षणी शेकडो माणसांच्या प्राणांची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जात असे.

शेजारच्या मास्तराने खात्री करून घ्यावयाची म्हणजे काय करावयाचे? आधीची गाडी आपल्या स्थानकात पोहोचली, एवढे पाहून भागत नाही. ती संपूर्ण पोहोचली की नाही, हे पाहावे लागते. समजा, चढावर डब्यांची जोडणी तुटली आणि मागचे दोन डबे वाटेतच राहिले. पुढची गाडी त्यांच्यावर आदळल्यावाचून कशी राहील? म्हणून प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यावर एक खूण असते. दिवसा तेथे मोठी फुली किंवा अक्षरांची पाटी दिसते आणि रात्री लाल दिवा लुकलुकतो. गाडी निघून गेल्यावर प्रवासी आपापल्या वाटेने जातात. स्थानकातील माणूस मात्र तिची पाठ पाहत उभा असतो. शेवटची खूण दिसली, की गाडी पूर्ण आली असे तो समजतो. ती दिसली नाही, तर त्या तुकड्यात दुसरी गाडी सोडावयाची नाही, असा कडक दंडक आहे.

स्टेशनमास्तराच्या जोडीला सांधेवाला असतो. रूळ जेथे एकातून दुसऱ्यात फुटतात, त्या जागेला सांधा म्हणतात. सांधा ज्या बाजूला असेल, त्या बाजूला गाडी वळते. पूर्वी सांधा आणि सिग्नल लोखंडी दांडे ओढून हलवीत. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलचा दांडा हलूच नये, अशी त्यांची परस्परांत अडकण केलेली असे. सिग्नलचा हात आडवा असला, तर थांबावयाचे. तो कललेला असला, तर यावयाचे. रात्री तो हात दिसत नसे, म्हणून खांबावर तेलाचा दिवा ठेवीत आणि त्याच्यापुढे लाल-हिरव्या काचा येत. रोज संध्याकाळी सांधेवाला रुळांच्या कडेने चालत जाई, उंच खांबावर चढे, काच पुसून दिव्यात तेल घाली आणि वात नीट करी.

पावसाळ्यातील एखाद्या रात्रीची कल्पना करावी. गाव झोपी गेले आहे. वारा सुटला आहे, पावसाची झड लागली आहे. एक गाडी पंढरपूरकडून येत आहे, दुसरी कुर्डुवाडीहून सुटण्यासाठी उभी आहे. मधल्या स्थानकात दोन माणसे जागी आहेत. एक यंत्राजवळ बसून घंटेचे ठोके ऐकतो आणि प्रत्येक ठोक्याची वेळ वहीत लिहून ठेवतो. दुसरा कंदील घेऊन सांधा तपासावयास बाहेर गेला आहे. ‘सांधा बसलाच असेल,’ असे म्हणून तो अर्ध्या वाटेतून परतला, तर त्याला पाहणारे तेथे कोणीही नाही. शेवटचा दिवा नीट दिसला नाही, तरी ‘गाडी पूर्ण आलीच असणार,’ असे मानून संमती देणे मास्तराला सोपे आहे. परंतु त्या एका ‘असेल’वर दोन गाड्यांतील माणसांचा जीव टांगलेला असतो. म्हणून सांधेवाला भिजत शेवटपर्यंत जातो, वाकून पाहतो आणि मगच परततो. मास्तरही डोळ्यांनी पाहिल्यावाचून होकार देत नाही. गाड्यांतील माणसे झोपेतच असतात. आपल्यासाठी कोणी भिजले, हे त्यांना कधीच कळत नाही.

असे काम रोज तेच ते करावे लागते आणि रोजच्या सवयीमुळेच त्यात चूक शिरण्याचा संभव असतो. डोळा पाहतो, परंतु मन दुसरीकडे असते. यावर रेल्वेने निरनिराळ्या देशांत उपाय शोधले आहेत. जपानमध्ये गाडीचा चालक सिग्नलकडे बोट दाखवितो आणि त्याचा रंग मोठ्याने उच्चारतो. डोंगरातील लहानशा मार्गावर एकच डबा धावत असला आणि चालकाचे बोलणे ऐकणारे जवळ कोणी नसले, तरी तो हा नियम मोडीत नाही. बोट, डोळा आणि वाणी ही तिन्ही एका गोष्टीवर आली, म्हणजे मनालाही तेथे यावेच लागते. आपल्याकडेही इंजिनातील चालक आणि त्याचा साहाय्यक पुढचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. पाढे म्हणताना मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाची चूक लवकर ध्यानात येते, त्यातलाच हा प्रकार आहे.

काळाबरोबर बार्शी लाइटचे रूप पालटले. १९५४ साली ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. अरुंद मार्गाने या भागाची पुष्कळ सेवा केली. परंतु त्याची एक मोठी अडचण होती. अडीच फुटी मार्गावरचा डबा साडेपाच फुटी मार्गावर जाऊ शकत नव्हता. त्यामुळे कुर्डुवाडीला माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे आणि प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. २००१ ते २०११ या काळात हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला. काही ठिकाणी त्याची वाटही बदलली. पूर्वी गाडी येडशीवरून जाई आणि धाराशिव शहर बाजूला राही. नव्या आखणीत धाराशिवलाही स्थानक मिळाले. कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये बांधलेला मार्ग १९३४ सालीच बंद पडला होता. त्याची बार्शीची छोटी गाडी मात्र त्यानंतरही सत्तरहून अधिक वर्षे धावत राहिली.

वाफेची इंजिने केव्हाच गेली. आता या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. तेलाच्या दिव्यांच्या जागी रंगीत विजेचे सिग्नल आले आहेत. दांडे ओढण्याऐवजी बटणे दाबून सांधे हलवितात. धातूचा गोळा बऱ्याच मार्गांवरून निवृत्त झाला आणि त्याचे काम चाके मोजणारी यंत्रे करू लागली. दोन स्थानकांमधील तुकड्यात जितकी चाके शिरली, तितकीच बाहेर पडली, तरच वाट मोकळी असल्याचे ते यंत्र सांगते. बारकाईने पाहिले, तर हे यंत्र नवे असले, तरी त्याचा प्रश्न जुनाच आहे. गाडी संपूर्ण आली का, असे जे कंदील धरून उभा असलेला माणूस विचारीत होता, तेच आता यंत्र विचारते. यंत्र बिघडले, की पुन्हा माणसालाच पाहावे लागते.

ज्या दिवशी एखादी चूक होते, त्या दिवशी लहान स्थानकाचे नाव वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येते. परंतु जेथे वर्षानुवर्षे चूक झाली नाही, तेथील बातमी कोणी छापत नाही. काल रात्री दोन गाड्या एका स्थानकात समोरासमोर आल्या, एक बाजूला थांबली, दुसरी निघून गेली आणि सारे प्रवासी सुखरूप घरी पोहोचले, यात सांगण्यासारखे ते काय? आणि तरीही त्यासाठी कोणी तरी जागे राहिलेले असते, कोणी तरी शेवटचा दिवा दिसेपर्यंत अंधारात पाहत उभे राहिलेले असते.

लांबच लांब लोहमार्ग मोठ्या शहरांच्या नावांनी ओळखले जातात. परंतु साखळी जशी तिच्या प्रत्येक कडीच्या बळावर टिकते, तसा लोहमार्ग त्यावरील प्रत्येक स्थानकाच्या चोखपणावर चालतो. त्यात लहान कडी आणि मोठी कडी असा भेद नसतो. अकलूजचा एखादा मुलगा पुढे कधी कुर्डुवाडीहून पंढरपूरला आगगाडीने निघेल, तेव्हा वाटेतल्या फलाटावर हिरवा बावटा धरून उभा असलेला माणूस त्याला दिसेल. गाडी पुढे निघून जाईल. तो माणूस मात्र लगेच वळणार नाही. शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत तो तेथेच उभा असेल.